घरच्या मेल सर्व्हरवरून पाठवलेली पत्रे परत का येतात?

स्वतःचे डोमेन घेऊन घरातील संगणकावर पोस्टफिक्स किंवा एक्झिम बसवणाऱ्यांना येणाऱ्या ईमेलपेक्षा जाणारे ईमेल अधिक त्रास देते. याचे मूळ ईमेलच्या रचनेतच आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या एसएमटीपी नियमावलीत पाठवणारा खरा की खोटा हे पडताळण्याची सोय नव्हती. नको असलेल्या पत्रांचा पूर आल्यावर ती पडताळणी वरून जोडली गेली आणि तिचा पहिला फटका अनोळखी, लहान सर्व्हरला बसतो.

आधी आकडा वाचावा

परत आलेल्या पत्रात तीन अंकी संकेतांक असतो. तो ४ ने सुरू झाल्यास नकार तात्पुरता असतो. पत्र रांगेत राहते आणि सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू झाल्यास नकार कायमचा असतो. ५५० सोबत ५.१.१ असल्यास तशी पत्रपेटीच नसते. ५.७ ने सुरू होणारा उपसंकेत असल्यास पत्ता बरोबर असूनही सुरक्षेच्या किंवा धोरणाच्या कारणाने पत्र नाकारलेले असते.

संकेतांक नसून केवळ 'जोडणी झाली नाही' असा शेरा असेल, तर पत्र समोरच्या दारापर्यंत पोहोचलेलेच नसते. पोस्टफिक्स असे पत्र मूळ मांडणीनुसार पाच दिवस रांगेत ठेवतो आणि त्या काळात पाठवणाऱ्याला काहीही कळवत नाही. संस्थेच्या सभेची सूचना अशा रीतीने सभा उलटून गेल्यावर परत येऊ शकते. म्हणून विलंबाची सूचना काही तासांतच मिळेल, अशी मांडणी प्रथम करावी.

नेहमीची कारणे

*पोर्ट २५ बंद असणे.* अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर हे पोर्ट बाहेरच्या दिशेने बंद ठेवतात. पोर्ट ५८७ हा त्याला थेट पर्याय नाही. ते पासवर्ड देऊन स्वतःच्या सेवादात्याकडे पत्र सोपवण्यासाठी आहे. परक्या सर्व्हरला पत्र पोहोचवण्यासाठी २५ च लागते.

*आयपी पत्ता.* स्पॅमहाउसच्या धोरण-यादीत घरगुती जोडण्यांचे पत्ते सरसकट नोंदलेले असतात. हा आरोप नव्हे. अशा पत्त्यावरून थेट ईमेल येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. राउटरवरील बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला गेला आहे असे समजावे. तेथे येणारी पत्रेही थेट पोहोचत नाहीत.

*उलट नोंद.* आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद डोमेनच्या मालकाच्या नव्हे, तर इंटरनेट कंपनीच्या हाती असते. त्या नोंदीतील नावावरून पुन्हा तोच पत्ता मिळायला हवा. आयपीव्ही६ साठी अशी नोंद नसताना सर्व्हर त्याच मार्गाने पत्र पाठवत असेल, तर पाठवणी आयपीव्ही४ पुरती मर्यादित करावी.

*ओळखीच्या नोंदी.* एसपीएफ कोणत्या सर्व्हरला परवानगी आहे ते सांगते, डीकेआयएम पत्रावर सही करते आणि ही पडताळणी फसल्यास काय करावे ते डीमार्क सांगते. एका डोमेनवर दोन एसपीएफ नोंदी असल्या तर तपासणीच चुकीची ठरते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक प्रेषकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आणि पीटीआर नोंद मागते. जीमेलच्या खात्यांकडे दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना डीमार्कही बंधनकारक आहे.

उपाय

इंटरनेट कंपनीकडून स्थिर पत्ता, खुले पोर्ट २५ आणि उलट नोंद मिळत असेल, तर उत्तम. ते शक्य नसल्यास पत्रपेट्या घरीच ठेवून जाणारी पत्रे पोर्ट ५८७ मार्फत एखाद्या रिले सेवेकडे सोपवावीत आणि त्या सेवेचा उल्लेख एसपीएफमध्ये जोडावा. मात्र जाणारे प्रत्येक पत्र त्या सेवेच्या हातून जाते, हे लक्षात ठेवावे. स्वतःचा सर्व्हर कोणाही परक्याची पत्रे पुढे पाठवत नाही, याचीही खात्री करावी. अन्यथा पत्ता काळ्या यादीत जाण्यास वेळ लागत नाही.

शेवटी, नोंदवहीत २५० हा आकडा दिसला म्हणजे समोरच्या सर्व्हरने पत्र स्वीकारले, इतकेच सिद्ध होते. ते स्पॅमच्या कप्प्यातही पडलेले असू शकते. महत्त्वाच्या पत्राची पोच फोनवर विचारून घेणे हाच खात्रीचा मार्ग.