भूकंपाचे नियम आणि नोंदींचा अवधी

नाशिक येथे 1959 साली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. धरणांजवळील भूकंपमापकांच्या नोंदींचे विश्लेषण हा पुढे तिच्या कार्याचा एक भाग झाला. दख्खनचे पठार अचल असून तेथे विनाशक भूकंप संभवत नाही, असा समज त्या काळी रूढ होता. 11 डिसेंबर 1967 रोजी कोयनानगर येथे 6.3 महत्तेचा भूकंप होऊन सुमारे 180 माणसे दगावली आणि त्या समजास तडा गेला. 1970 साली देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशा सुधारण्यात आला; तथापि त्यातही किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रातच राहिले. 30 सप्टेंबर 1993 रोजी तेथील भूकंपाने हजारो बळी घेतले. 2002 च्या नकाशात ते क्षेत्रच रद्द झाले. नाशिकची गणना क्षेत्र 3 मध्ये झाली.

नियमांचा असा पराभव केवळ दख्खनमध्येच घडला असे नाही. जगातील सर्वांत मोठे भूकंप, एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो त्या सीमांवर होतात. 1980 साली रफ व कानामोरी यांनी त्यांविषयी एक नियम मांडला: खाली जाणारा भूपट्ट जितका तरुण आणि त्याची गती जितकी अधिक, तितका संभाव्य भूकंप मोठा. 1960 चा चिलीचा 9.5 महत्तेचा भूकंप या नियमाशी जुळत होता. परंतु 2004 साली सुमात्राच्या सीमेवर, गती मंद असूनही, 9.1 महत्तेचा भूकंप झाला. 2011 साली ईशान्य जपानमध्ये सुमारे 13 कोटी वर्षे वयाच्या भूपट्टावर नऊ महत्तेचा भूकंप झाला. त्यानंतरच्या प्रतिकृतींत भूपट्टाचा उतार, घर्षणपृष्ठाची रुंदी आणि गाळाचा थर यांना अधिक महत्त्व आले.

दख्खन भूपट्टाच्या अंतर्भागात आहे. सबब हे नियम त्यास लागू होत नाहीत. विचारातील दोष मात्र दोहोंकडे एकच होता. भूकंपमापकांच्या नोंदी जेमतेम शतकभराच्या. मोठ्या भूकंपांमधील अंतर मात्र कित्येक शतकांचे, भूपट्टाच्या अंतर्भागात तर सहस्रकांचेही असू शकते. नोंद नाही म्हणून भूकंप नाही, हे अनुमान दोन्ही ठिकाणी घातक ठरले. नियम सुधारता येतात. न घेतलेली नोंद मात्र मागाहून घेता येत नाही. नाशिकसारख्या ठिकाणी शांत वर्षांतही चालणाऱ्या नोंदींचे मोल यातच आहे.