ऑस्टिन सेव्हन: जुन्या गाडीतून घडलेले उस्ताद

आपल्याकडे सेकंडहॅन्ड गाडी घेणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. किती किलोमीटर झाली आहे, आणि ॲव्हरेज काय देते? पण जुनी गाडी घेणारा आणखी एक गिऱ्हाईक असतो. त्याला या दोन्ही प्रश्नांशी कर्तव्य नसते. गाडी घरी आली की तो आधी बॉनेट उघडतो, मग पान्हे मागवतो आणि महिन्याभरात चांगली चालणारी गाडी अंगणात सुटी करून ठेवतो. घरचे कपाळाला हात लावतात. त्याला आपण शौकीन म्हणतो. उर्दूत 'शौक' म्हणजे आवड, ओढ, एखाद्या गोष्टीचा ध्यास. विद्यार्थ्याला अभ्यासाचाही शौक असतो. मराठीत येता येता 'शौकीन' थोडा बदनाम झाला, त्यात पैसे उडवणाऱ्याचा वास आला. मला इथे तो मूळ उर्दू अर्थाने हवा आहे.

कारण मोटारींच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे, की जुन्या गाड्यांशी खेळणाऱ्या पोरांनी पुढे जगातला सगळ्यात अवघड मोटार उद्योग उभा केला. त्या प्रकरणाची नायिका आहे एक इवलीशी इंग्रजी गाडी, ऑस्टिन सेव्हन.

1922 साली हर्बर्ट ऑस्टिन यांनी ही गाडी बाजारात आणली. कंपनी तेव्हा अडचणीत होती आणि इतक्या लहान गाडीवर पैसा घालायला संचालक मंडळ राजी नव्हते. ऑस्टिन यांनी कारखान्यातला स्टॅन्ली एज नावाचा 18 वर्षांचा ड्राफ्ट्समन आपल्या घरी बोलावला आणि बिलियर्डच्या खोलीत बसून दोघांनी आराखडे काढले. इंजिन लवकरच 747 सीसीचे झाले. आपली जुनी मारुती 800 होती 796 सीसीची, म्हणजे त्याहूनही लहान. चार सिलिंडर, ताकद साडेदहा अश्वशक्तीच्या आसपास. चेसिस इंग्रजी 'ए' अक्षरासारखी, पुढे निमुळती. समोर एकच आडवा पाटा, मागे दोन अर्धवट पाटे. क्लच असा, की पायाचा अंगठा जरा हलला तरी गाडी उडी मारायची. 1939 पर्यंत अशा सुमारे 2,90,000 गाड्या निघाल्या. जर्मनीत हीच गाडी परवान्यावर 'डिक्सी' म्हणून बनत होती. बीएमडब्ल्यूने तो कारखाना घेतला आणि मोटारींच्या धंद्यात पाऊल टाकले ते याच गाडीने.

साधी घरगुती गाडी ही, पण तिच्या अंगात शर्यत होती. ऑगस्ट 1929 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या आर्ड्सच्या रस्त्यांवर टुरिस्ट ट्रॉफीची शर्यत झाली. पहिली आली कॅराचियोलाची भली मोठी मर्सिडीज. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर होत्या सुपरचार्जर लावलेल्या दोन ऑस्टिन सेव्हन! त्या पराक्रमावरून कंपनीने जे स्पोर्ट्स मॉडेल विकायला काढले त्याला लोक 'अल्स्टर' म्हणू लागले. बुटकी बॉडी, दोन माणसांची जागा, दार नाही.

अशीच एक 1929 ची अल्स्टर 20-22 वर्षांनी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंड शहरात विकायला निघाली. घेणारे गृहस्थ होते लेस मॅक्लारेन. त्यांचा रेम्युएरा भागात पेट्रोल पंप आणि गॅरेज होते. गाडी म्हणण्यासारखे त्यात फार काही उरले नव्हते, बहुतेक भाग सुटे झालेले होते. त्यांचा मुलगा ब्रूस लहानपणी पर्थेस नावाच्या खुब्याच्या आजाराने दोनेक वर्षे अंथरुणाला खिळून होता. उठला तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला. मैदानी खेळ संपले होते. बापाने गाडी आणली होती स्वतःच्या हौसेसाठी, पण जोडून चालवून पाहिल्यावर तिचा स्वभाव त्यांना झेपला नाही. मुलाने ती आपल्याकडे घेतली. 1952 मध्ये मुरिवाई इथल्या डोंगरचढणीच्या शर्यतीत 15 वर्षांचा ब्रूस तिच्यात बसला आणि आपल्या गटात पहिला आला.

पुढची काही वर्षे तो त्या गाडीच्या मागे लागला. या गाडीत काय काय बिघडते आणि काय काय सुधारता येते, ते थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर 'मॉडिफाय' म्हणजे रंग, स्टिकर आणि कानठळ्या बसवणारा सायलेन्सर एवढाच अर्थ आपल्या डोक्यात राहतो.

ऑस्टिन सेव्हनचा क्रँकशाफ्ट बहुतेक वर्षे फक्त दोन बेअरिंगांवर फिरायचा, एक पुढे आणि एक मागे. मधे आधार नाही. इंजिन जोरात पळवले की तो मधोमध चक्क वाकायचा. शिवाय त्याला तेल मिळायचे ते बारीक तोट्यांतून उडालेल्या धारेने. धार नेमकी जागी लागली तर ठीक. म्हणून ज्याला वेग हवा त्याला आधी तेलाचा दाब आणि क्रँकची मजबुती पाहावी लागे. मग हेड. ज्वलनाची जागा लहान केली की दाब वाढतो, ताकद वाढते, पण अति केले तर इंजिन ठोकू लागते. समोरचा एक्सल अखंड होता. लेस्ली बॅलमी या माणसाने तो मधोमध कापून दोन भाग स्वतंत्र हलतील असा करण्याची पद्धत रूढ केली. वळणावर चाके रस्ता धरू लागली. ब्रेक मात्र तारेचे, आणि ते कितीही आवळले तरी वेगाच्या मानाने कमीच. एक गोष्ट बदलली की दुसरी उघडी पडते. वर्गात सहा महिने शिकवून जे 'कारण आणि परिणाम' डोक्यात शिरत नाही, ते अशा गाडीखाली दोन रविवारी झोपून शिरते, असे मला वाटते. अर्थात गाडीखाली झोपून भूमिती येत नाही, हेही खरे. ब्रूस मॅक्लारेन पुढे ऑकलंडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेला.

आता लंडन. 1947 मध्ये कॉलिन चॅपमन हा विद्यार्थी युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकत होता आणि एका मित्राबरोबर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करत होता. युद्धानंतरचा तंगीचा काळ. नव्या गाड्या मुख्यतः निर्यातीला जायच्या, त्यामुळे जुन्यांना भाव होता. त्याच वर्षी सरकारने खासगी पेट्रोलचे मूळ रेशन बंद केले आणि जुन्या गाड्यांचा बाजार बसला. सगळा माल मिळेल त्या किमतीला गेला. उरली एक जुनी ऑस्टिन सेव्हन, तिला कुणी विचारेना. मैत्रीण हेझलच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात चॅपमनने तिची बॉडी काढून फेकली आणि प्लायवुडवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून, विमानाच्या धर्तीवर, हलकी आणि कडक अशी नवी बॉडी केली. 1948 मध्ये तयार झालेल्या या गाडीला त्याने नाव दिले लोटस. फॉर्म्युला वनची सात विश्वविजेतेपदे मिळवलेल्या कंपनीची ही पहिली गाडी. ती पुढे विकली गेली आणि आज कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

चॅपमन हुशार होता, पण केवळ हुशारीने हे झाले नसते. इथे खरे श्रेय मी एका क्लबला देतो.

750 मोटर क्लब 1939 मध्ये स्थापन झाला तो ऑस्टिन सेव्हन जपणाऱ्यांसाठी. युद्धानंतर त्याचा प्राण होता हॉलंड बर्केट, व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर. क्लबची पत्रिका निघायची. कुणी क्रँक मोडला, कुणी कार्बोरेटर बदलला, काय फायदा झाला, काय फसले, सगळे त्यात छापले जायचे. मग क्लबने शर्यतीसाठी नियम बांधले: ऑस्टिन सेव्हनचेच इंजिन, तिचीच चेसिस, त्याच्या आत राहून काय अक्कल चालवायची ती चालवा. हेतू असा, की ज्याच्या खिशात फारसे काही नाही त्यालाही शर्यतीत उतरता यावे. 1950 पासून या शर्यती सुरू झाल्या.

चॅपमनने 1951 मध्ये नियम बारकाईने वाचले. या इंजिनात चार सिलिंडरांना हवा-पेट्रोल घ्यायला दोनच तोंडे होती, दोघांत एक. एक सिलिंडर ओढू लागला की शेजाऱ्याचा वाटा जायचा. चॅपमनने मॅनिफोल्डमध्ये असा पडदा घातला, की तो थेट तोंडाच्या आत जाऊन त्याचे दोन भाग करील. चार सिलिंडर, चार वाटा! त्याची मार्क थ्री ही गाडी इतरांना हाती लागेना. नियमात कुठेही हे मना नव्हते. मग क्लबने नियम बदलला आणि ही युक्ती बंद केली. मला या प्रसंगात दोघांचेही बरोबर वाटते. पोराने पळवाट शोधायची आणि वडीलधाऱ्यांनी ती बुजवायची, पण पोराला मैदानाबाहेर काढायचे नाही. 1952 मध्ये त्याने बापाच्या खाणावळीमागच्या जुन्या तबेल्यात लोटसचा कारखाना सुरू केला.

ब्रूस मॅक्लारेनही तोवर मोठा होत होता. 1959 मध्ये 22 व्या वर्षी त्याने अमेरिकन ग्रांप्री जिंकली. 1963 मध्ये स्वतःची टीम काढली आणि लगेच पुढच्या वर्षी काय केले? पुन्हा एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. ही होती 'झेरेक्स स्पेशल'. मुळात ती कूपर कंपनीची फॉर्म्युला वन गाडी. 1961 मध्ये अपघातात मोडली, रॉजर पेन्स्केने घेतली आणि तिच्यावर बॉडी चढवून स्पोर्ट्स कार म्हणून पळवली. मॅक्लारेनने तिची चेसिस मधून कापून नवी बसवली, मागे ॲल्युमिनियमचे ओल्ड्समोबिल व्ही-एट इंजिन टाकले आणि कॅनडात मॉस्पोर्टला शर्यत जिंकली. त्या अनुभवावर त्याच वर्षी पहिली खरी मॅक्लारेन स्पोर्ट्स कार बनली. 1970 मध्ये गुडवुडला गाडीची चाचणी घेताना तो गेला. वय 32. ती लहानपणीची अल्स्टर आज वोकिंगच्या मुख्यालयात, विजेत्या गाड्यांच्या रांगेत उभी असते.

या दोघांची नावे मोठी आहेत. तरी शिक्षक म्हणून मला तिसरा जास्त जवळचा वाटतो.

जॉन हेन्स हा सटन व्हॅलन्स या निवासी शाळेत शिकायचा. रग्बीत त्याचे मन नव्हते. त्याने शाळेकडे रग्बीऐवजी जुन्या ऑस्टिन सेव्हनची स्पोर्ट्स कार बनवण्याची परवानगी मागितली आणि शाळेने दिली! अशी परवानगी मागणाऱ्या पोराला आमच्याकडे काय उत्तर मिळाले असते, ते वाचकांनी आपापल्या शाळा आठवून ठरवावे. गाडी त्याने नफ्यात विकली. जाहिरातीला इतके लोक आले, की त्याच्या लक्षात आले, लोकांना गाडीपेक्षा ती कशी केली हे हवे आहे. 1956 मध्ये त्याने चित्रे काढून एक पुस्तिका छापली. 250 प्रती दहा दिवसांत संपल्या. पुढे हवाई दलात असताना एडनमध्ये एका सहकाऱ्याने जुनी ऑस्टिन-हीली स्प्राइट घेतली. दोघांनी ती पूर्ण खोलली आणि परत जोडली, आणि या वेळी प्रत्येक पायरीचे फोटो काढले. त्यातून 1966 मध्ये पहिले हेन्स मॅन्युअल निघाले. 2019 मध्ये हेन्स वारले तोवर 20 कोटींहून अधिक मॅन्युअल विकली गेली होती.

आमच्या शाळेतली अनेक मुले दहावीनंतर, काही त्याआधीच, गॅरेजला लागतात. सच्चर समितीने 2006 मध्ये मोटार दुरुस्तीच्या कामात मुसलमानांचे प्रमाण जास्त असल्याचे नोंदवले, ते मला अहवाल न वाचताही माहीत होते. तिथे उस्ताद असतो, छोटू असतो, शिव्या असतात आणि हुनर असतो. एखादा चाचा इंजिनाचा आवाज ऐकून सांगतो, "बेटा, तीन नंबरचा व्हॉल्व्ह बसत नाहीये," आणि खोलल्यावर तोच निघतो. पण हे ज्ञान चाचाबरोबर जाते. त्याची पत्रिका नाही, पुस्तिका नाही, मराठीत नाही आणि उर्दूतही नाही. मी आठवीच्या मुलांना कृतिलेखन शिकवताना चहा आणि भेळ कशी करावी हे लिहायला सांगण्याऐवजी गेल्या वर्षीपासून पंक्चर कसे काढावे हे लिहायला सांगतो. एकाने दोन पाने लिहिली. एरवी तो चार ओळींत निबंध आटपायचा.

आणि मैदान? जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला: कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेला धक्का लावणारा बदल वाहनात करता येणार नाही. सीएनजी किट किंवा अपंग व्यक्तींसाठीचा बदल अशा वाटा कायद्यात आहेत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. सार्वजनिक रस्त्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. ज्या रस्त्याने माझे विद्यार्थी सायकलवर येतात तिथे कुणी आपल्या हाताने कापलेला एक्सल घेऊन येऊ नये. इंग्लंडनेही 1960 मध्ये दहा वर्षांवरच्या गाड्यांना सक्तीची तपासणी लावली आणि कित्येक ऑस्टिन सेव्हन भंगारात गेल्या. पण तिथे रस्ता बंद झाला तरी क्लबचे मैदान उघडे होते. 750 फॉर्म्युलाच्या शर्यती आजही होतात. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी 2007 पासून बाहा स्पर्धा आहे. मुले स्वतः गाडी बांधून पीथमपूरला नेतात. चांगला उपक्रम आहे, पण त्याच्या दारात कॉलेजचे ओळखपत्र लागते.

गॅरेजातल्या छोटूसाठी असे मैदान कुठे असेल, याचा विचार कुण्या जनावरांच्या डॉक्टराने, शिक्षकाने किंवा आयटीआयच्या निदेशकाने करायला हरकत नाही. एक भंगारात निघालेली मारुती 800, एक रिकामे मैदान आणि एक वही. ती वही मी द्यायला तयार आहे.