हेलिगोलंडची पाखरे आणि कोळ्यांची नजर

आमची शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. त्यामुळे इतिहास वाचताना आम्हाला एक खोड लागली आहे : काम कुणी केले आणि नाव कुणाचे झाले, हे आधी पाहावयाचे. त्याच नजरेने आज उत्तर समुद्रातील एका खडकाची हकीकत सांगावयाची आहे.

हेलिगोलंड हे तांबड्या दगडाचे बेट. मुख्य बेटाचा विस्तार जेमतेम एक चौरस किलोमीटर. शरद ऋतूत उत्तरेकडील पाखरांचे थवे दक्षिणेकडे निघाले, की भर समुद्रात दमलेल्या जिवाला टेकावयास हीच जागा सापडते. काळोख्या रात्री दीपगृहाच्या उजेडाकडे ती ओढली जात. बेटावरचे लोक मासेमारी करणारे, गरीब. त्यांच्या लेखी ही पाखरे म्हणजे कालवण. माथ्यावर झाडी नव्हती, म्हणून त्यांनी वाळक्या फांद्या रोवून खोटी झुडपे उभी केली व त्यांवर जाळे टाकले. आसरा शोधणारे कस्तूर त्यात शिरत आणि अडकत.

1837 साली हाइनरिख गेट्के नावाचा तरुण जर्मन चित्रकार समुद्र रंगवावयास तेथे आला आणि कायमचा राहिला. बेट तेव्हा इंग्रजांचे होते. त्यांच्या कारभारात त्याला चिटणिसाची नोकरी मिळाली. पन्नासांहून अधिक वर्षे त्याने पाखरांची टिपणे ठेवली. जवळजवळ 400 जातींची नोंद झाली. सैबेरियातील एक चिमुकला पिवळ्या भुवईचा पक्षी युरोपात अतिदुर्मीळ समजत. तो या बेटावर पुष्कळदा येतो, हे त्याने दाखविले. 1891 साली त्याचा ग्रंथ निघाला आणि पक्षिशास्त्रात बेटाचे नाव झाले.

परंतु एकटा माणूस इतके कसे पाहील ? पाहणारे होते बेटावरचे कोळी आणि शिकारी. वारा आग्नेयेचा झाला की आज काहीतरी निराळे येणार, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. अनोळखी पाखरू दिसले की ते गेट्केकडे येई. गेट्केने त्यांची नावे लिहून ठेवली, हा त्याचा प्रामाणिकपणा. जगाने मात्र एकच नाव लक्षात ठेवले.

गेट्केची मोठी चूकही येथेच समजून घेण्यासारखी आहे. निळ्या गळ्याचे एक पाखरू, जे हिवाळ्यात आपल्या महाराष्ट्रातही उतरते, वसंतात आफ्रिकेहून एका रात्रीत हेलिगोलंड गाठते, असे त्याने मांडले. कारण काय, तर मधल्या देशांत ते थांबलेले कुणी पाहिले नव्हते ! आज आपल्याला ठाऊक आहे की असले लहान पक्षी साधारणपणे ताशी 30 ते 50 किलोमीटर वेगाने, टप्प्याटप्प्याने जातात. जेथे पाहणारे डोळे नव्हते, तेथे पक्षीच नाही असे त्याने धरले. न पाहिलेले म्हणजे नसलेले, ही चूक शास्त्रज्ञच करतात असे नव्हे. मजुरांची मोजदाद करणारेही करतात.

1890 साली इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेतील हक्कांच्या बदल्यात बेट जर्मनीला देऊन टाकले. बेटकऱ्यांचे मत कुणी विचारले नाही. 1910 साली ह्यूगो वायगोल्ड यांनी तेथे पक्षिनिरीक्षण केंद्र काढले, आणि पुढे कोळ्यांच्या त्या खोट्या झुडपांवरून मोठा सापळा बेतला : रुंद तोंडाचे, निमुळते होत जाणारे जाळे, शेवटी पेटी. फरक एवढाच की पेटीतल्या पाखराच्या पायात कडे घालून त्याला सोडून द्यावयाचे. 1933 साली रोनल्ड लॉकली यांनी वेल्सजवळच्या स्कोखोम बेटावर तसाच सापळा उभारला. त्या सापळ्याला जग आजही ‘हेलिगोलंड’ म्हणते. कोळ्यांची युक्ती जगभर गेली, ती निदान त्यांच्या बेटाच्या नावाने.

मग महायुद्ध आले. एप्रिल 1945 मध्ये बाँबवर्षावाने वस्ती उद्ध्वस्त झाली, लोकांना बेट सोडावे लागले. 18 एप्रिल 1947 रोजी इंग्रजांनी सुमारे 6,700 टन दारूगोळा तेथे एकदम उडविला आणि पुढेही ते बेट बाँबफेकीच्या सरावासाठी वापरले. 1950 च्या डिसेंबरात दोन विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन निशाण रोवले, प्रश्न गाजला, आणि 1 मार्च 1952 रोजी बेट परत मिळाले. माणसे घरी आली. 1953 साली पक्षिकेंद्रही पुन्हा उघडले.

पाखरे मात्र त्या सात वर्षांतही दर शरदात येतच होती. त्यांना पाहावयास तेथे कुणी राहिले नव्हते. ज्ञान टिकावयाचे तर ते जाणणारी माणसे आपल्या जागी टिकली पाहिजेत, एवढेच आम्हाला सांगावयाचे होते.