वेदना आणि थिबा राजा

रत्नागिरीच्या माणसाला थिबा राजा कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या लहानपणी पाहुणे आले की किल्ला, पतितपावन मंदिर आणि थिबा पॅलेस ही फेरी ठरलेली. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी आमच्या गावात आणून ठेवलं. १९१० साली त्याला तो राजवाडा मिळाला, १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. आमच्यापुरती गोष्ट इथे संपायची. राजा गेल्यावर मागे त्याच्या देशात काय झालं, हा प्रश्न मला पडायला चाळिशी उलटावी लागली :-)

तर तिकडे झालं ते असं. ब्रह्मदेशात राजा म्हणजे बौद्ध धर्माचा राखणदार. राखणदारच गेला, आता धर्म टिकणार कसा, ही लोकांना खरीखुरी धास्ती होती. लेडी सयाडो (१८४६–१९२३) नावाच्या विद्वान भिक्षूंनी यावर मोठा धीट मार्ग काढला. राखण आता प्रत्येकानेच करावी! त्यांनी सोप्या बर्मी भाषेत पुस्तकं लिहिली, गावोगाव हिंडले, आणि तोवर भिक्षूंचीच मानली जाणारी ध्यानसाधना संसारी माणसांच्या हाती दिली. म्हणजे आपल्या इगतपुरीत आज जे चालतं, त्याचं एक मूळ थिबाच्या गादी जाण्यात आहे. आम्ही पॅलेसच्या आवारात डबे खात होतो, तेव्हा हे कुणी सांगितलं नाही.

लेडी सयाडोंचे एक शिष्य म्हणजे सया तैजी. रंगूनजवळचे भातशेती करणारे शेतकरी. १९०३ च्या पटकीच्या साथीत त्यांची मुलं गेली. त्या दुःखाने ते घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, आणि पुढे गावी परतून इतरांना शिकवू लागले. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हा माणूस. त्याला तत्त्वज्ञान नको होतं. मुलं गेल्यावर छातीत जे उरतं त्याचं काय करायचं, एवढंच विचारायचं असणार. (हे ‘असणार’ माझं आहे, चरित्रातलं नाही.)

त्यांच्याकडे १९३७ साली शिकायला आले ऊ बा खिन. सरकारी हिशेब खात्यातले अधिकारी, १९४८ साली स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. आणि ऊ बा खिन यांच्या दारात १९५५ साली उभे राहिले सत्यनारायण गोयंका. मंडालेत जन्मलेले मारवाडी उद्योगपती. अर्धशिशी इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशचे डॉक्टर झाले होते. आता मॉर्फिनचंच व्यसन लागतं की काय ही भीती.

इथे जे घडलं ते मी दोन-तीनदा वाचलं. ऊ बा खिन यांनी त्यांना चक्क परत पाठवलं! डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, हे औषध नाही. मनाचे विकार काढायला येत असाल तर या, डोकेदुखी गेलीच तर ती त्याच्या ओघात जाईल. गोयंकांनी हे मान्य केलं तेव्हाच प्रवेश मिळाला. अर्धशिशी गेली, हे पुढे त्यांनीच जगाला सांगितलं.

शिकवतात काय? पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचं आणि जे जाणवेल ते जाणायचं: मुंग्या, खाज, ऊब, ठणका, कधी काहीच नाही. आवडलं म्हणून धरायचं नाही, नावडलं म्हणून हटवायचं नाही. याला पालीत शब्द आहे ‘वेदना’. पालीत वेदना सुखाचीही असते, दुःखाचीही, आणि धड ना सुखाची ना दुःखाची अशीही. मराठीत येईपर्यंत त्यातलं फक्त दुखणं तेवढं उरलं. शरीराकडे आपलं लक्ष ते दुखल्याशिवाय जात नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

पण तीच मराठी किती जाणती आहे बघा. भीतीने पोटात गोळा येतो, बातमी ऐकून छातीत धस्स होतं, रागाची तिडीक मस्तकात जाते, रडू दाबलं की घशात आवंढा. आपल्या बायाबापड्यांनी प्रत्येक भावनेचा पत्ता अंगावर लिहून ठेवलाय.

बाबा गेल्यानंतर आई म्हणायची, छातीवर पाटा ठेवलाय. कार्डिओग्राम झाला, रक्त झालं, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे. म्हणजे पाटा नाहीच असं ठरलं! तिला ते फार लागलं. पुढे इगतपुरीला जाऊन आलेल्या माझ्या ताईने तिला एवढंच विचारलं, पाटा नेमका कुठे आहे? कडा कुठवर? आत्ता जड आहे की सकाळी होता? आई डोळे मिटून सांगत बसली. मग रडली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. पाटा लगेच गेला नाही. पण ‘तो आहे’ असं कुणीतरी मानलं होतं.

गोयंका १९६९ साली भारतात आले, त्या जुलैत मुंबईत पहिलं शिबिर झालं, १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं. २०१३ साली ते गेले. तिकडे अमेरिकेत १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठाच्या रुग्णालयात, इतर उपायांनी न हटलेल्या दुखण्यांच्या रुग्णांना अंगावरून लक्ष फिरवायला शिकवलं. ही रीतही बरीचशी ऊ बा खिन यांच्याच परंपरेतली. म्हणजे ज्यांनी ‘हे औषध नाही’ म्हणून माणसाला दारातून परत पाठवलं, त्यांचीच साधना दवाखान्यात औषध म्हणून गेली. मला यात काही गैर वाटत नाही. सया तैजीही दुःखावर उपाय शोधतच निघाले होते ना. मात्र दहा दिवसांचं मौन सगळ्यांना मानवत नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना केंद्रंच येऊ नका म्हणतात, आणि जुना घाव उघडा पडला तर तिथे सांभाळणारं जाणतं माणूस लागतं. ‘जा, सगळं बरं होईल’ असं कुणालाही सांगत सुटणाऱ्यांचा मला राग येतो.

जाता जाता, आत्याने फोनवर विचारलंय, गुडघ्यांना उपयोग होईल का गं? आत्या, ऊ बा खिन यांनी तुला दारातूनच परत पाठवलं असतं. मी म्हणते, आधी एक्स-रे काढून घे.