जपान : सोलापुरातून दिसणारा आणि सोलमधून दिसणारा

आपल्याकडे जपानबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडणं अवघड. शाळेत मुलं स्वतः वर्ग झाडतात, वर्ल्ड कपची मॅच संपल्यावर प्रेक्षक स्टेडियम साफ करून जातात, हिरोशिमाच्या राखेतून देश उभा राहिला, हे सगळं आपण एकमेकांना वर्षानुवर्षं फॉरवर्ड करतो. त्यात खोटं काही नाही. पण हाच जपान कोरियात किंवा चीनमध्ये जाऊन विचारा. तिथे ८० वर्षांनंतरही चर्चेची गाडी शेवटी १९३७ वर किंवा १९१० वर येऊन थांबते. एकाच देशाची दोन गावांत दोन नावं का, यावर बरेच दिवस लिहायचं होतं. लिहिलेलं जरा लांबलंय, सवडीने वाचा.

सोलापूरकरांना तर हा प्रश्न पडायलाच हवा. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, ते कशासाठी? पाच डॉक्टरांचं पथक होतं, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. जपानी सैन्याने चीनवर केलेल्या आक्रमणात जखमी झालेल्यांवर उपचार करायला ते गेले होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला. आपण कोटणीसांना 'भारत-चीन मैत्रीचं प्रतीक' म्हणून हार घालतो, पण ज्यांच्यावर ते शस्त्रक्रिया करत होते त्यांना जखमी कोणी केलं होतं, हे वाक्य भाषणात सहसा येत नाही.

ते वाक्य थोडं सविस्तर सांगतो. जपानने १८९५ मध्ये चीनला हरवून तैवान घेतलं, १९०५ मध्ये रशियाला हरवलं, १९१० मध्ये कोरिया थेट आपल्या साम्राज्याला जोडून टाकला. १९३१ मध्ये मांचुरिया, १९३७ मध्ये उरलेल्या चीनवर स्वारी. त्या डिसेंबरात नानजिंग पडलं आणि पुढचे काही आठवडे तिथे शरण आलेले सैनिक आणि साधे नागरिक यांची कत्तल झाली, बायकांवर अनन्वित अत्याचार झाले. आकड्यावर आजही भांडण आहे. टोकियोच्या लष्करी न्यायालयाने दोन लाखांवर म्हटलं, चीन तीन लाख म्हणतो, जपानी अभ्यासकांमध्ये बरीच खालपासून वरपर्यंत मतं आहेत. हार्बिनजवळ ७३१ नावाच्या तुकडीने जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग केले. कोरियात लोकांना जपानी नावं घ्यायला लावली आणि कोरियन, चिनी, फिलिपिनो अशा अनेक बायकांना सैन्यासाठीच्या 'कम्फर्ट स्टेशन'मध्ये ठेवलं.

आता आपण. १९०५ च्या विजयाने आपल्याकडे आनंद झाला होता, आशियाई माणूस युरोपला हरवू शकतो हे पहिल्यांदा दिसलं होतं. पुढे नेताजी आणि आझाद हिंद सेना आली, जपान म्हणजे शत्रूचा शत्रू. मग हिरोशिमा. आपली संसद आजही ६ ऑगस्टला तिथल्या मृतांना आदरांजली वाहते. टोकियो खटल्यात न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं वेगळं निकालपत्र दिलं. १९५२ मध्ये भारताने जपानशी स्वतंत्र तह केला आणि नुकसानभरपाईचा हक्क सोडला. १९५७ मध्ये पंतप्रधान किशी भारतात आले, नेहरूंनी त्यांचं जंगी स्वागत केलं आणि पुढच्याच वर्षी जपानने आपल्या इतिहासातलं पहिलं येन कर्ज भारताला दिलं. मग मारुती सुझुकी, दिल्ली मेट्रो, आता बुलेट ट्रेन. म्हणजे आपल्या आठवणीत जपानने आपल्याला दिलंच आहे, घेतलेलं काही नाही.

हे किशी कोण होते? युद्धकाळातल्या मंत्रिमंडळातले मंत्री, युद्धगुन्हेगारीच्या संशयावरून तीन वर्षं तुरुंगात होते, खटला न चालता सुटले आणि नऊ वर्षांत पंतप्रधान झाले. शिन्झो आबे हे त्यांचे नातू. नेहरूंनी केलेल्या त्या स्वागताची आठवण आबेंनी २००७ मध्ये आपल्या संसदेत अगदी मनापासून सांगितली होती. आपल्याला ते ऐकून छान वाटलं. कोरियन माणसाला ते कसं वाटलं असेल, याचा विचार करून बघा.

पालसाहेबांचंही तसंच. त्यांचं म्हणणं कायद्याचं होतं : युद्ध सुरू झालं तेव्हा जो गुन्हा कायद्यात नव्हता त्यासाठी शिक्षा कशी द्यायची, आणि जिंकलेल्यांनी हरलेल्यांचा न्याय करायचा तर तो न्याय कसला. नानजिंगमध्ये अत्याचार झालेच नाहीत असं ते म्हणाले नाहीत, उलट त्याचा पुरावा भक्कम आहे असंच त्यांनी लिहिलं. पण जपानमधल्या कट्टर मंडळींनी अर्धाच पाल उचलला. टोकियोच्या यासुकुनी मंदिरात २००५ पासून त्यांचं स्मारक आहे. याच मंदिरात १९७८ मध्ये 'अ' वर्गातल्या १४ युद्धगुन्हेगारांची नावं गुपचूप इतर मृत सैनिकांच्या बरोबरीने पुजायला घेतली गेली. खुद्द सम्राट हिरोहितो १९७५ नंतर तिथे गेले नाहीत. पंतप्रधान मात्र अधूनमधून जातात, आणि ते गेले की बीजिंग आणि सोलमध्ये राजदूताला बोलावणं जातं.

जपानने माफी मागितली नाही, असं आपल्याकडचे थोडं वाचलेले लोक सांगतात. ते बरोबर नाही. १९९३ मध्ये कोनो यांच्या निवेदनात कम्फर्ट स्टेशनमध्ये सैन्याचा हात होता हे मान्य केलं, १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामांनी वसाहतवाद आणि आक्रमणाबद्दल स्पष्ट शब्दांत माफी मागितली. अडचण पुढची आहे. आज माफी मागायची आणि उद्या त्याच सरकारातल्या कुणी मंत्र्याने 'तसं काही झालंच नव्हतं' म्हणायचं, हे इतक्यांदा झालंय की माफीला वजनच राहिलं नाही. पाठ्यपुस्तकांचं बघा. इएनागा साबुरो नावाचे जपानी इतिहासकार, शालेय पुस्तकातला मजकूर बदलायला लावला म्हणून १९६५ पासून १९९७ पर्यंत आपल्याच सरकारशी कोर्टात भांडत राहिले. बत्तीस वर्षं! मला जपानबद्दल आदर वाटतो तो अशा माणसांमुळे, स्टेडियम झाडण्यामुळे नंतर.

आणि एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. हिरोशिमात बॉम्बने जे मेले त्यात हजारो कोरियन होते, कित्येकांना मजुरीसाठी आणलेलं. त्यांचं स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं, पण शांतता उद्यानाच्या बाहेर. ते आत यायला १९९९ साल उजाडलं. जपानी माणसाच्या मनात युद्ध म्हणजे मुख्यतः आपल्यावर कोसळलेलं संकट. त्यातूनच राज्यघटनेचं ९ वं कलम, युद्ध कायमचं सोडल्याची शपथ, सैन्याबद्दलची तिथली खोल नावड, हे सगळं आलं आणि ते खरंच आहे. पण शेजाऱ्याला वाटतं, तू युद्धाला घाबरतोस हे ठीक, तू माझं काय केलंस ते बोल.

मग सगळेच शेजारी असं धरून बसलेत का? नाही. १९७४ मध्ये पंतप्रधान तानाका इंडोनेशियात गेले तेव्हा जाकार्तात दंगल पेटली होती, जपानी गाड्या जाळल्या होत्या. तीन वर्षांनी पंतप्रधान फुकुदांनी मनिलात जाहीर शब्द दिला की जपान पुन्हा लष्करी सत्ता होणार नाही. पुढची चाळीस वर्षं तो पाळला, मदत केली, कारखाने काढले. आज फिलिपिन्स जपानी सैन्याला आपल्या भूमीवर सरावाला येऊ देणारा करार करतो, तोही २०२४ मध्ये. तैवान तर पन्नास वर्षं वसाहत होता, तरी तिथे जपानबद्दल जिव्हाळा आहे, कारण १९४५ नंतर आलेल्या कुओमिंतांगने १९४७ मध्ये केलेली कत्तल लोकांना जास्त जवळची वाटते. आणि चीन १३ डिसेंबर हा राष्ट्रीय स्मृतिदिन पाळतो तो २०१४ पासून. म्हणजे आठवण खरी, पण ती कधी आणि किती जोरात काढायची हे आजचं सरकार ठरवतं. स्वतःच्या लोकांवर माओच्या काळात जे झालं त्याचा असा स्मृतिदिन तिथे नाही, हेही बोललं पाहिजे.

आता आपल्या घरातलं. महाराष्ट्रातून दरवर्षी किती टूर अंदमानला जातात! सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर उभं राहून डोळे पाणावतात, ते योग्यच. पण मार्च १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत ते बेट जपानी सैन्याच्या ताब्यात होतं आणि तोच जेल त्यांनी वापरला. दिवाणसिंग नावाचे डॉक्टर, पंजाबीतले कवी, हेरगिरीच्या संशयावरून तिथे छळ होऊन जानेवारी १९४४ मध्ये मेले. ३० जानेवारी १९४४ ला हंफ्रीगंजला ४४ भारतीयांना असाच हेर ठरवून गोळ्या घातल्या. नेताजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवून गेले त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर मलायातले हजारो तमिळ मजूर राबून, उपासमारीने, कॉलऱ्याने मेले. त्यांच्यासाठी दिल्लीने कधी टोकियोकडे शब्द काढल्याचं आपल्या बातम्यांत दिसत नाही.

मी बुलेट ट्रेनच्या विरोधात नाही आणि जपानशी दोस्ती तोडा असंही म्हणत नाहीये, कॉमेंटमध्ये तसं कुणी म्हणण्याआधी सांगून ठेवतो. जपानने २०२२ च्या डिसेंबरात संरक्षणखर्च जीडीपीच्या २ टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरवलं, चीनकडे बघता आपल्याला ते सोयीचंच आहे. पण सोलमधली एखादी आजीबाई त्यावर घाबरली, तर 'हे लोक अजून जुनंच उगाळतायत' असं आपण म्हणू नये. तिथे जानेवारी १९९२ पासून दर बुधवारी जपानी वकिलातीसमोर निदर्शनं होत आली आहेत. सुरुवातीला ज्या आज्या स्वतः येऊन बसायच्या, त्यातल्या आता मोजक्याच उरल्यात.

टूरवाल्यांना एवढंच सांगा की पुढच्या वेळी हंफ्रीगंजला गाडी थांबवा. पोर्ट ब्लेअरपासून फार लांब नाही.