हरेगावची हजेरी

शिर्डीला आलेला भाविक समाधीचे दर्शन घेतो, फार तर शनिशिंगणापूर गाठतो. त्याने श्रीरामपूरच्या वाटेने हरेगावला का जावे? सप्टेंबरातली मतमाउलीची यात्रा सोडली, तर बेलापूर कंपनीच्या या साखरगावात आता पाहण्यासारखे काही नाही, असे कोणीही सांगेल. मी मात्र तेच पाहायला गेलो होतो: बंद कारखाना, मोडकळीला आलेल्या चाळी आणि त्यांत अजून राहणारी माणसे.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रॅडी यांच्या व्यवस्थापनाखालील या कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. प्रवरेच्या कालव्यांनी आणि १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाने उसाला पाणी दिले. साखरेचा इतिहास लिहिणारे इथवर येतात आणि १९५० च्या प्रवरानगरकडे, विठ्ठलराव विखे व धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे वळतात. ते योग्यच आहे. पण बारे देणारा, ऊस तोडणारा भूमिहीन या इतिहासात कोठे आहे? मस्टरवर.

१९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला आणि कंपन्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. आता कसणाऱ्याला जमीन मिळेल, असे वाटावे अशीच ती वेळ होती. परंतु त्याच कायद्याच्या २८ व्या कलमाने कारखान्याचा ऊसपुरवठा अखंड राहावा म्हणून या जमिनींना वेगळी वाट करून दिली. त्या १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. मालक बदलला, हजेरी तीच राहिली. डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले, ते पोटाला जमीन मागण्यासाठीच. पुढे खंडकरी शेतकरी दीर्घकाळ लढले आणि २०१२ नंतर त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. त्यांचा हक्क खरा होता. त्यांच्याकडे कागद होता. ज्याच्या आजोबाचे नाव फक्त हजेरीपटावर होते, त्याने कोणता कागद दाखवायचा?

इंग्लंडात डरहॅम परगण्याच्या १९५१ च्या आराखड्याने शंभराहून अधिक कोळसागावे 'ड' वर्गात टाकली. तेथे नवा पैसा घालायचा नाही, गावे आपोआप विरू द्यायची. लोक भांडले, १९७७ साली ते धोरण मागे पडले. आमच्या वाड्यांना असा शेरा कोणी लिहून दिला नाही, म्हणून भांडायला समोर कागदही नाही.

चाळीच्या ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. कारखाना कधी बंद पडला, असे विचारले.

"भोंगा व्हायचा थांबला तवा," म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या वहीकडे पाहत त्यांनीच विचारले, "मोजणीला आलात का, भाऊ?"