एका खोलीत किती माणसं? बीडीडी चाळींचा हिशेब आणि आपली एमआयडीसी

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत मुंबईहून फोन आले असतील. चांगलंच झालं. पण मूळच्या त्या १६० चौरस फुटांच्या खोल्या कोणी आखल्या, कोणासाठी आखल्या, हे कुठल्याच बातमीत धड आलं नाही. त्याचा आपल्याशी आजही संबंध आहे, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. हजारो माणसं शहर सोडून गावाकडं पळाली, गिरण्यांना कामगार मिळेनात. मग १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्त्या पाडायच्या आणि उजेड-वारा येईल अशा चाळी बांधायच्या, हे त्याचं काम. या ट्रस्टचे अध्यक्ष ऑर साहेब उजेडाच्या बाबतीत फार कडक. साडेत्रेसष्ट अंशांचा त्यांचा नियम होता. सोप्या भाषेत सांगायचं तर, समोरच्या इमारतीची जेवढी उंची, निदान तिच्या निम्मं अंतर मध्ये मोकळं हवं. आज आपल्या नगरपालिकेच्या हद्दीत किती इमारती यात बसतील, तुम्हीच बघा. परळच्या अशाच बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत डॉ. आंबेडकर वीसेक वर्षं राहिले.

मग आले गव्हर्नर जॉर्ज लॉईड. त्यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, तेच बीडीडी. योजना जंगी होती: ६२५ चाळी, ५०,००० खोल्या. पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसावर गाठीमागं एक रुपया कर. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं, संडास सामायिक. म्हणजे चाळीमागं ८० खोल्या. काँक्रीट असं की शंभर वर्षं टिकलं.

आणि कामगार राहायला येईनात! गिरणीपासून लांब, मधला बोळ अंधारा, सुरुवातीला तर नीट खिडक्यांऐवजी काँक्रीटच्या झडपा. भाडं खर्चाच्या हिशेबानं ठेवलं तर कामगाराला परवडेना, उतरवलं तर सरकारला तोटा. कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या आणि कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींत सरकारनं सत्याग्रही कोंडले. घर म्हणून बांधलेली इमारत तुरुंग म्हणून चटकन चालली, यातच तिच्या आखणीबद्दल बरंच काही आलं. याच खात्याच्या बॅकबे भरावाचा घोटाळा नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, तो वेगळा विषय.

माझ्या मते खरी चूक खोलीच्या आकारात नव्हती. सरकारनं भिंती मोजल्या. माणूस कसा जगतो, ते विचारलंच नाही. कोकणातून, घाटावरून जाणारा गडी बहुधा एकटा जायचा. बायको-पोरं शेतीवर. त्यानं आपली सोय आपणच केली: गावकीची खोली. एका खोलीत गावातले वीस-पंचवीस जण, प्रत्येकाची एक ट्रंक, वळकटी खुंटीला. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला आडवा व्हायचा. भाडं वाटून, जेवण खाणावळीत. आजारी पडला तर बघायला गावचाच माणूस. बेकार झाला तर दोन महिने भाडं मागायचं नाही, हेही तिथं चालायचं. ज्या बाया या खाणावळी चालवायच्या, त्यांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. म्हणजे स्वयंपाक, भाडं, अडचणीतला आधार, सगळी रचना तयार होती. नव्हता तो फक्त उजेड, संडास आणि पुरेशी जागा. सरकारनं तेवढंच त्या रचनेला जोडायला हवं होतं.

आता आपल्याकडं या. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. कारखानदाराला भूखंड, रस्ता, पाणी, वीज. कामगाराची खोली मात्र आपल्या भागात बाजारावर सोडली. आपल्या औद्योगिक वसाहतीच्या मागं एकदा संध्याकाळी चक्कर मारा. पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत बिहार-ओडिशाची पाच-सहा पोरं, भाडं डोक्यामागं. एकाची पथारी उचलली की दुसऱ्याची पडते. गावकीच्या खोलीचीच ही कथा, फक्त गावकी गायब. खोली भाड्यानं देणारे आपलेच लोक आहेत आणि ‘बाहेरच्यांनी घाण केली’ म्हणणारेही आपलेच.

लॉकडाऊनमध्ये हीच पोरं हायवेवरून चालत गेली. त्यानंतर जुलै २०२० मध्ये केंद्रानं परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. आपल्या वसाहतीत तिचं काय झालं, असं मी एका जबाबदार अधिकाऱ्याला विचारलं. ते म्हणाले, ‘मागणीच नाही आली हो.’ मागणी कोणी करायची? कंत्राटी कामगाराचा अर्ज घेणारी खिडकी कुठं आहे, हे मी पुढं विचारलं, तर चहा मागवला गेला.

माझं म्हणणं साधं आहे. वसाहतीतल्या पडून असलेल्या एखाद्या भूखंडावर भाड्याचं कामगार वसतिगृह बांधा. आठ-दहा जणांमागं एक स्वयंपाकघर, पुरेसे संडास, प्रत्येकाला कुलूप लागणारं कपाट, आणि दिवसा झोपणाऱ्यासाठी वेगळी, शांत बाजू. कारखान्यांकडून थोडा कर घ्या. कापसाच्या गाठीवर शंभर वर्षांपूर्वी घेतलाच होता की. आणि नकाशा काढण्याआधी त्या पोरांशी एकदा बोला. येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देतोय. ज्यांच्या आजोबांची ट्रंक मुंबईत गावकीच्या खोलीत होती, त्यांनी सही करायला यावं.